काळ्या चिकण मातीत घरची बाग: माती तपासण्यापासून वाफे भरेपर्यंत

पुण्याजवळच्या मांजरी गावात रो-हाऊस घेतलं तेव्हा मागे वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा मिळाली. पहिल्याच जूनमध्ये मी तिथे लिंबाचं रोप लावलं. दोन फूट खड्डा घेतला, निघालेली काळी माती बाजूला टाकली आणि विकत आणलेली लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत भरलं. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली, सप्टेंबरात झाड गेलं. उपटलं तर खड्ड्यात पाणी उभं होतं आणि मुळं कुजून वास मारत होती. कुंपणापलीकडे, त्याच काळ्या मातीत, कुणीही न लावलेला शेवगा मात्र दोन पुरुष उंच झाला होता.

त्यानंतरच्या तीन वर्षांत मी ही माती शिकले. काही प्रयोगशाळेच्या अहवालातून, काही हात घाण करून, आणि बरंचसं शेजारच्या काकांकडून, ज्यांची हयात मांजरीत भाजीपाला पिकवण्यात गेली. बंगला, रो-हाऊस किंवा सोसायटीचा तळमजला घेऊन ज्यांना पहिल्यांदाच काळ्या मातीशी गाठ पडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कुंडीतल्या बागेला यातलं फारसं लागू नाही.

लागणारं सामान: पहार, कुदळ, खुरपं, घमेलं, प्लास्टिकची बादली, सरळ उभ्या काचेची झाकणाची बरणी, मोजपट्टी, पांढरं व्हिनेगर, कापडी पिशवी आणि एक वही. वही विसरू नका, ती शेवटी कामाला येते.

१. आधी खाली काय आहे ते बघा

पुण्याची काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झाली. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले, त्याच खडकाची ही माती. त्या खडकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. म्हणूनच या मातीत फुगणारी चिकण असते, आणि म्हणूनच तिच्यात चुनखडीही सापडते. मातीच्या कणांचे पापुद्रे पाणी आत घेऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत चपलेला किलोभर चिखल, दोन्हीचं मूळ एकच.

पण पुण्यात सगळीकडे हीच माती नाही. मांजरी, हडपसर, लोणी काळभोर या मुळा-मुठेच्या पट्ट्यात काळा थर खोल जातो. बावधन, पाषाणकडे टेकडीच्या उतारावर वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. आणि नव्या बांधकामात तर वरची माती मूळ जागेची असेलच असं नाही. म्हणून बागेच्या दोन टोकांना दोन-दोन फुटांचे खड्डे घ्या आणि त्यांची भिंत नीट न्याहाळा. काळा थर किती, मुरूम कुठे सुरू होतो, मध्ये दाबून घट्ट झालेला पट्टा आहे का. माझ्याकडे सात इंचांखाली विटांचे तुकडे, वाळलेलं प्लास्टर आणि सिमेंटच्या गोळ्यांचा थर निघाला. बांधकामाच्या वेळी यंत्र फिरून तो दगडासारखा बसला होता. असा राडारोडा असेल तर तो काढल्याशिवाय पुढचं काही करू नका. कितीही खत घाला, त्याखाली पाणी उतरत नाही, आणि सिमेंटमुळे आधीच अल्कधर्मी असलेली माती आणखी तशी होते.

२. घरच्या चाचण्या

पट्टीची चाचणी. मूठभर माती खडे काढून पाण्याने कणकेसारखी मळा. अंगठा आणि तर्जनीत दाबत दाबत पट्टी काढा. पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता लोंबली तर ती चिकण माती. अडीच ते पाचच्या मध्ये तुटली तर चिकण पोयटा (पोयटा म्हणजे वाळू, गाळ आणि चिकण यांची मिश्र माती). त्याआधीच तुटली तर तुम्ही नशीबवान आहात, पोयटा मिळाला आहे.

बरणीची चाचणी. चाळलेली माती एक तृतीयांश बरणी भरा, वर पाणी, त्यात चमचाभर कपड्यांची साबण पावडर. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू, साधारण दोन तासांनी तिच्यावर गाळ, आणि उरलेली चिकण एक-दोन दिवसांत. थर मोजा. एकूण दहा सेंटिमीटरपैकी चिकण साडेपाच भरली तर ५५ टक्के. चाळीसच्या पुढे गेलं की जमीन चिकण समजायची.

इथे दोन गोष्टी फसवतात. साबण घातला नाही तर आपल्या मातीतल्या कॅल्शियममुळे चिकण कण एकमेकांना धरून गोळे होतात आणि भराभर खाली बसतात. पाणी तासाभरात नितळ दिसतं आणि वाटतं, आपल्याकडे चिकण फार नाहीच. मी पहिल्यांदा तशीच फसले. दुसरं म्हणजे काळी चिकण पाण्यात फुगलेली असते, त्यामुळे तिचा थर खऱ्यापेक्षा जाड दिसतो. हा आकडा अंदाजापुरताच धरा.

व्हिनेगरची चाचणी. कोरड्या मातीच्या चमचाभर ढिगावर व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. चुरचुर ऐकू आली किंवा फेस दिसला तर मातीत मोकळा चुना आहे. बारीक पांढरे खडे दिसत असतील तर तो जवळजवळ असतोच. लिंबू, गुलाब, जास्वंद लावणाऱ्यांनी ही चाचणी टाळू नये.

पाण्याचा खड्डा. सगळ्यांत उपयोगी चाचणी हीच. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पुन्हा भरा, काठी उभी करून खूण करा आणि दर तासाला पातळी किती उतरली ते मोजा. तासाला अडीच ते पाच सेंटिमीटर उतरलं तर निचरा चांगला. एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करावेच लागतील.

रात्रभर भिजवायचं कारण असं की मे महिन्यात पहिलं पाणी भेगांमधून धो धो खाली जातं आणि निचरा उत्तम असल्याचा भास होतो. भेगा भिजून मिटल्यावर जे दिसतं ते खरं. शक्य असेल तर ही चाचणी ऑक्टोबरमध्ये पुन्हा करा.

३. प्रयोगशाळेसाठी नमुना

घरच्या चाचण्यांतून मातीचा पोत कळतो, पोटात काय आहे ते कळत नाही. पुण्यात कृषी खात्याची जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात मृदशास्त्र विभाग आहे, खासगी प्रयोगशाळाही आहेत. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: घरच्या बागेचा नमुना घेतात का, फी किती, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं व मोकळा चुना त्यात धरलेत का. शेतकऱ्यांच्या नोंदीत गट क्रमांक लागतो, तो आपल्याकडे नसतो. त्यामुळे नोंद कशी करायची तेही आधीच विचारलेलं बरं. फोन न करता गेल्याने माझी एक खेप वाया गेली.

नमुना घेण्याची पद्धत:

जागेवर नागमोडी चालत सात-आठ ठिकाणं निवडा. कंपोस्टचा ढीग, मोठ्या झाडाची सावली, भिंतीचा कड आणि नुकतं खत घातलेली जागा सोडून द्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्या. लोह-जस्त तपासायचं असेल तर ही माती गंजक्या खुरप्याने नाही, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा, आणि बादलीही प्लास्टिकचीच घ्या.

सगळी माती कागदावर एकत्र करा, ढेकळं फोडा, गोल पसरून चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, उन्हात नाही. कापडी पिशवीत भरून आत चिठ्ठी घाला.

चिठ्ठीवर: नाव, पत्ता, मोबाईल, नमुना घेतल्याची तारीख, किती खोलीवरून घेतला, पाणी महापालिकेचं की बोअरचं, काय लावायचं आहे. बागेचे दोन भाग वेगळे दिसत असतील तर दोन नमुने द्या. मिसळून एक दिलात तर अहवाल कुठल्याच भागाचा राहत नाही.

४. अहवालात कुठे बघायचं

माझ्या पहिल्या अहवालात सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, पालाश (पोटॅश) भरपूर, लोह आणि जस्त कमी. आपल्याकडच्या काळ्या मातीचं हे अगदी नेहमीचं चित्र आहे.

सामू साडेसात ते साडेआठ असेल तर घाबरू नका. साडेआठच्या वर गेला आणि निचराही वाईट असेल तर जमीन चोपण (सोडियम वाढून घट्ट बसलेली) होते आहे का, हे प्रयोगशाळेला विचारा. जिप्समचं काम फक्त तिथेच, आणि मात्रा अहवालातून ठरवायची. क्षारता (अहवालात ईसी) एकच्या आत असली की पुरे. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी. माझ्या मते घरच्या बागेने इतर काही बघितलं नाही तरी हा एक आकडा बघावा, कारण पुढची सगळी मेहनत तो वाढवण्यासाठीच आहे. लोह ४.५ आणि जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेलं तर कमतरता धरतात.

पालाश भरपूर आलं असेल तर १९:१९:१९ सारखी नत्र-स्फुरद-पालाशची मिश्र खतं पोतंभर आणू नका. जे मातीत आहेच त्याचे पैसे तुम्ही परत मोजत असता.

५. वाफसा ओळखायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. काळ्या मातीत काय घातलं यापेक्षा केव्हा हात लावला याने जास्त फरक पडतो.

दुसऱ्या वर्षी जुलैच्या एका उघडिपीला मी उत्साहाने वाफे खणायला घेतले. काका कुंपणाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, माती हाताला चिकटते आहे तोवर तिला हात लावू नका. आत्ता खणलेलं दिवाळीपर्यंत विटा होऊन बसेल." मी तोपर्यंत अर्धा वाफा खणला होता. तो अर्धा आणि न खणलेला अर्धा यांतला फरक मला पुढच्या मेपर्यंत दिसत होता. ओल्या चिकणीवर कुदळ किंवा पाय पडला की तिच्यातली हवेची पोकळी दाबली जाते, कण एकमेकांवर लिंपले जातात आणि वाळल्यावर तेच ढेकूळ हातोडीनेही फुटत नाही.

वाफसा म्हणजे जमिनीने जास्तीचं पाणी सोडून दिलेलं असतं, ओल मात्र टिकून असते. मुळांना त्या वेळी पाणीही मिळतं आणि हवाही. ओळखायचा असा: चार इंच खोलवरची माती मुठीत दाबून गोळा करा. अंगठ्याने हलकं दाबल्यावर गोळा भुरभुरला तर वाफसा आहे. नुसता खळगा पडला, चकाकी आली, तळहाताला काळं लागलं तर थांबा. गोळा होतच नसेल आणि ढेकूळ दगडासारखं असेल तर वेळ निघून गेली, हलकं पाणी देऊन दोन-तीन दिवस वाट बघा.

माझ्या जागेत मोठ्या पावसानंतर काळ्या भागाला वाफसा यायला पाच-सहा दिवस लागतात, मुरमाड कोपऱ्याला दोन. तुमचा आकडा वेगळा असेल, तो वहीत लिहीत जा. भर पावसाळ्यात कधी कधी तीन आठवडे वाफसा येतच नाही. तेव्हा खणायचं काम नाहीच.

मग खणायचं केव्हा? दोनदा. एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर. दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये, पण वेगळ्या पद्धतीने. कोरड्या जमिनीत पहार घालून मोठाली ढेकळं फक्त उलथून ठेवायची, फोडायची नाहीत. ती महिनाभर तापतात, वळवाचा पाऊस पडला की भिजतात, पुन्हा वाळतात, आणि त्या फुगण्या-आक्रसण्यातच आपोआप फुटून रवाळ होतात. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात ती याचसाठी. जी माती फुगून छळते तीच फुगून आपलं कष्टाचं काम करून देते. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं त्या जूनपासून मला ही माती आवडायला लागली.

६. काय घालायचं, किती घालायचं

कुजलेलं शेणखत, कंपोस्ट, पानांचं खत. पहिल्या वर्षी दोन इंचांचा थर पसरून वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा. शंभर चौरस फुटांना दोन इंच म्हणजे साधारण ४७० लिटर, पन्नास लिटरची नऊ-दहा पोती. आकडा मोठा वाटतो, पण दोन पोत्यांनी चिकण मातीत काही होत नाही, आणि मग लोक म्हणतात खताचा उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षांत एक-एक इंच पुरतो, तोही न खणता वर पसरून. गांडुळं खाली नेतात.

मे महिन्यात भेगा पडल्या की चाळलेलं कंपोस्ट त्यांत झाडूने लोटा. पाऊस आला की भेगा मिटतात आणि खत दीड-दोन फूट खोल जाऊन बसतं. एवढ्या खोल खणून घालायचं झालं असतं तर पाठ मोडली असती.

हिरवळीचं खत. जागा मोकळी असेल तर जूनमध्ये ताग पेरा, शंभर चौरस फुटांना ५० ते ६० ग्रॅम बी. बी मार्केट यार्ड परिसरातल्या बी-बियाण्यांच्या दुकानांत विचारा. साधारण सात आठवड्यांत फुलं दिसायला लागली की कापून बारीक करा. वाफसा असेल तर मातीत गाडा, नसेल तर वरच पसरून ठेवा. ताग फार जून होऊ दिला तर देठ कुजायला वेळ लागतो.

पालापाचोळा. फेब्रुवारी ते एप्रिल पुण्यातल्या रस्त्यांवर पानांचा खच असतो आणि बरेच जण तो पेटवून देतात. सोसायटीच्या झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, पोती भरून मिळतात. प्लास्टिक निवडून घ्या, ओली करून जाळीच्या पिंजऱ्यात दाबून ठेवा. मध्येच लोक केळीची सालं, चहाचा चोथा असलं काही सुचवतील. ते कंपोस्टच्या डब्यात घाला, थेट मातीत नको.

७. हे घालू नका

वाळू. सर्वांत जास्त दिला जाणारा आणि सर्वांत महागात पडणारा सल्ला. थोडी वाळू चिकणीत मिसळली की कण वाळूच्या फटीत भरतात आणि मिश्रण विटेसारखं घट्ट होतं. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते. आता मिळते ती बहुधा दगड फोडून केलेली, तिच्यात दगडाची भुकटी असते, ते आणखी वाईट.

चुना आणि राख. परदेशातल्या व्हिडिओंत चिकण मातीला चुना घाला म्हणतात. तिथली माती आम्लधर्मी असते, आपली नाही. बंबाची किंवा चुलीची राखही सामू वाढवते.

ताजं शेण. त्याच्यासोबत हुमणीची अळी येते आणि मुळं खाते. शेणखत काळसर, भुरभुरीत आणि वास गेलेलं असलं पाहिजे. हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

लाकडाचा कच्चा भुसा मातीत मिसळणं. कुजताना तो नत्र ओढून घेतो. आच्छादन म्हणून वर चालेल.

व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी ओतून सामू उतरवणं. मातीतला चुना ते लगेच निष्प्रभ करतो. मेहनत वाया जाते, बाकी काही होत नाही.

८. गादीवाफे आणि झाडाचा खड्डा

भाजीपाल्यासाठी तीन ते चार फूट रुंद, आठ इंच ते फूटभर उंच गादीवाफे करा. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, कारण वाफा एकदा भरला की त्यावर पाय पडता कामा नये. वाटेत विटा किंवा पाचट टाका. वाटेतून पाण्याला बाहेरचा उतार ठेवा, नाहीतर वाटाच तळी होतात. घराच्या भिंतीपासून चार फूट तरी लांब राहा. फुगणाऱ्या मातीला जोत्यालगत रोज पाणी देणं घरासाठी चांगलं नाही.

झाडाबाबत माझं लिंबू का गेलं ते सांगते. चिकण जमिनीत खड्डा करून तो हलक्या मातीने भरला की तो हौद होतो. आजूबाजूचं पाणी त्यात येऊन साचतं, भिंती आणि तळ ते जिरू देत नाहीत. म्हणून खड्डा निघालेल्या मातीनेच भरा, फार तर चौथा हिस्सा कंपोस्ट मिसळा. खड्ड्याच्या भिंती कुदळीने गुळगुळीत झाल्या असतील तर पहारीने खरवडा. आणि लिंबू, पपई यांसारखी झाडं खड्ड्यात न लावता फूट-दीड फूट उंच, पसरट उंचवट्यावर लावा. पपईचं बुड दोन दिवस पाण्यात राहिलं तरी झाड जातं. पेरू, जास्वंद त्या मानाने सोशिक.

९. पाणी, आच्छादन आणि पिवळी पानं

उन्हाळ्यात पाणी हळू आणि थांबून थांबून द्या. पाइप सोडला तर ते भेगांतून खाली निघून जातं आणि वरची मुळं कोरडीच राहतात. आधी हलका शिडकावा, अर्ध्या तासाने भेगा मिटायला लागल्या की पोटभर पाणी. मग पुढचं पाणी बोट दोन पेरं आत घालून ओल बघूनच. दोन-तीन इंच पानांचं किंवा पाचटाचं आच्छादन असेल तर भेगा जवळपास पडतच नाहीत. बुंध्याला मात्र ते चिकटू देऊ नका.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. बहुतेक वेळा लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे आणि साचलेल्या पाण्यामुळे मुळांना मिळत नाही. आधी निचरा बघा. तातडीचा उपाय म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. जमिनीतून द्यायचं तर दुकानात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा. ईडीटीए प्रकारचं स्वस्त असतं, पण आपल्या सामूच्या मातीत टिकत नाही.

१०. पुन्हा मोजा

दर ऑक्टोबरला त्याच जागेशेजारी पाण्याचा खड्डा घ्या आणि आकडा वहीत लिहा. प्रयोगशाळेचा नमुना तीन वर्षांनी पुरे, महिना आणि खोली तीच ठेवून. माझ्याकडे पहिल्या वर्षी तासाला अर्धा सेंटिमीटर पाणी उतरलं, दुसऱ्या वर्षी सव्वा, गेल्या ऑक्टोबरात अडीचच्या थोडं वर. सेंद्रिय कर्ब ०.३८ वरून ०.६६ झाला. सामू ८.२ होता, तो ८.१ आहे, आणि तो एवढाच हलणार. नवं लिंबू उंचवट्यावर लावलंय, त्याचे दोन पावसाळे झाले. त्याच्या बुडाशी खुरपं घातलं की आता प्रत्येक वेळी गांडुळं निघतात. ती दिसली की मी तिथलं खुरपणं थांबवते आणि फक्त आच्छादन परत नीट करून ठेवते.